बुटातली माती

१

सकाळच्या प्रार्थनेला मठातली सगळ्यात जाडजूड मेणबत्ती पेटवली आणि देवळात कातडं जळाल्याचा वास सुटला.

आधी सगळ्यांनी मठाधिपतींच्या पायांकडे पाहिलं. ते शेगडीजवळ बसून डुलक्या घेतात आणि मागच्या हिवाळ्यात त्यांची एक चप्पल अशीच गेली होती. पण दोन्ही चपला जागेवर होत्या. वास मेणबत्तीतूनच येत होता. वातीशेजारी काहीतरी फुगलं, काळं पडलं, चुरचुरलं. दिवाबत्ती पाहणाऱ्या बंधू फिलानने पवित्र पाण्याचं अख्खं घंगाळ तिच्यावर ओतलं आणि मऊ मेणातून बोटभर चर्मपत्राची गुंडाळी ओढून काढली.

वरच्या ओळी जळून गेल्या होत्या, म्हणजे पत्र कुणाला होतं ते गेलं. खाली सही नव्हतीच. मधलं शाबूत होतं. ते मी मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला आवाज आपोआप बसला.

‘…आज टेकडीवर बुटांत उभा राहून मी शपथ घेतली. काळजी नसावी. पायाखालची माती माझी नव्हती, म्हणून ती शपथ मला लागू नाही. देव साक्षी आहे, मी एकही खोटा शब्द बोललेलो नाही. मुलगी उद्या माझ्या हवाली होईल. ती हाती आली की गादी आपली. सीमेवर तयार राहा…’

ही मुलगी कोण, हे आमच्याकडच्या शेळ्यांनाही सांगता आलं असतं. राजा कॉर्मॅक यांची एकुलती एक लेक मुरियल. वय सात, पुढचे दोन दात पडलेले, जीभ शाबूत. आमच्याकडे राजाचं मूल राजाच्या घरी वाढत नाही. ते एखाद्या सरदाराच्या घरी पोसायला देतात. त्यामुळे सरदार राजाचा नातलग होतो आणि बंड करताना निदान थोडा लाजतो. तीन सरदारांनी मुरियलला मागितलं होतं. तिघांनी काल शपथा घेतल्या होत्या. आज संध्याकाळच्या घंटेआधी राजे एकाचं नाव जाहीर करणार होते. घोड्यांवर खोगिरं चढली होती, मुलीची पेटी बांधून तयार होती.

“मेणबत्ती कुठून आली?” मी फिलानला विचारलं.

“तिघांनीही काल संध्याकाळी दिल्यात, भाटबुवा. देवळासाठी डझनभर, शिवाय सीमेपलीकडे दक्षिणेच्या संताला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या हाती द्यायला एकेक मोठी. मी सगळ्या एकाच पेटीत टाकल्या. आज वाटलं, मोठी आपणच लावावी. यात्रेकरूंना काय, लहान पुरेल.”

फिलानच्या हावरटपणाने त्या दिवशी राज्य वाचायची सोय झाली. पुढे त्याचा त्याबद्दल सत्कार झाला नाही, हे मात्र खरं.

२

राजांनी पत्र ऐकलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. डावा पाय अधू असल्यामुळे या सगळ्याला बराच वेळ लागला.

त्या पायाची हकिगत म्हणजेच त्यांच्या कारकिर्दीची हकिगत. आठव्या वर्षी त्यांना अभिषेकाच्या शिळेवर बसवलं, तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते. नवव्या वर्षी, ज्याच्या घरी पोसायला होते त्याच सरदाराने शिकारीच्या निमित्ताने बाहेर नेलं आणि दुसऱ्याच्या हवाली केलं. पाय मोडला तो त्या दौडीत. मग ज्याच्या किल्ल्यात राजा त्याचं राज्य, असा खेळ सात वर्षं चालला. किल्ले पाच झाले. सोळाव्या वर्षी ते कुंभाराच्या गाडीतून, रांजणात बसून निसटले. नंतर दोन लढाया जिंकल्या, तीन हरले. सख्ख्या भावाने बंड केलं, त्याला माफ केलं. त्याने पुन्हा केलं, पुन्हा माफ केलं. तिसऱ्या बंडाच्या तयारीत असताना तो तापाने गेला आणि राजे खरोखर रडले. राणीसाहेब गेल्या. आता सीमेपलीकडे चुलतभाऊ आयव्हर परक्यांची फौज घेऊन बसला होता; पत्र त्याच्यासाठीच असणार.

“भाटबुवा,” ते म्हणाले, “ताईला बोलवा.”

ताई म्हणजे मॅरियोट कुंभारीण. तिच्या आईने राजांना दूध पाजलं होतं, आणि रांजणाच्या त्या गाडीचा बैल त्या दिवशी तिने हाकला होता. आता पन्नाशी उलटलेली. अंगाने स्वतःच रांजणासारखी, हात कोपरापर्यंत लाल. ती आली ती तशाच ओल्या हातांनी.

“काय रे कॉर्मी, भट्टी लावायची वेळ आणि तुझं बोलावणं! कोण मेलं?”

“अजून कुणी नाही, ताई.”

“मग हा भाट का तोंड पाडून उभा? परत वंशावळीतला पणजोबा विसरला का?”

मी पत्र वाचून दाखवलं. तिने ते आणखी एकदा वाचायला लावलं.

“अक्षर कुणाचं?”

“कुठल्या तरी कारकुनाचं. तिघांनाही लिहिता येत नाही,” मी म्हणालो, “त्यामुळे तिघांवरही सारखाच संशय.”

“मग पुढे ढकल की सगळं! महिनाभराने दे पोर.”

“ढकललं की तिघेही अपमान समजणार,” राजे म्हणाले. “नदीकाठी तिघांची मिळून नऊशे माणसं उतरली आहेत. माझी दोनशे. एकाला वगळायचं तर नाव पाहिजे, आणि नाव चुकलं तर इमानी माणूस मीच शत्रूला भेट देणार. घंटेच्या आत नाव दे, ताई. नाहीतर माझी पोर... तुला ठाऊक आहे पाच किल्ले म्हणजे काय ते.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. त्या सकाळी पहिल्यांदा हळू बोलली. मग हात फडक्याला पुसत उठली. “पण माणूस तरी काय नमुना आहे! राज्य लुटायला निघालाय, लेकरू पळवायला निघालाय, आणि खोटी शपथ म्हटली की पाय लटपटतात.”

“देवभीरू आहे,” मी म्हणालो.

“देवाला गंडवता येतं असं समजणारा आहे. चला भाटबुवा, दोन सुरया उचला. बिअर वाढायला जाऊ.”

३

मोठ्या दालनात न्याहारी चालली होती. मॅरियोट हातात सुरई घेऊन शिरली की कुणी तिच्याकडे पाहत नाही, सगळे सुरईकडे पाहतात. तिची एकच खोड होती. कुठलाही जमीनवाला दिसला की त्याच्याकडे ती माती मागायची. भांड्यांसाठी. राज्यावर संकट असतानाही ती खोड सुटली नाही.

पहिले सरदार वॉल्टर. पूर्वेच्या सखल लाल शेतांचे धनी. उंच, वाळके, चेहरा असा की समोरच्याला उगाच माफी मागावीशी वाटावी. त्यांची निम्मी जमीन सीमेपलीकडे होती, म्हणून दरबारात त्यांच्याबद्दल कुजबुज कायमची.

“सरदार, तुमच्याकडची लाल माती फार चिवट म्हणे. गाडीभर द्या की! घागरी करीन.”

“कशाच्या बदल्यात?”

“तुमचं नाव काढीन.”

“नाव मला आहे,” वॉल्टर म्हणाले. “माती मिळणार नाही. आज गाडी मागशील, उद्या शेत.”

दुसरे फिनले. पश्चिमेच्या एका बेटाचे. बोटाबोटांत अंगठ्या, आवाजात लोणी. बोलताना ते राजांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलत, न जाणो तिला ऐकू येत असेल.

“गाडीभर वाळू? अगं, दोन घे, तीन घे! वाळू माझी, होडी तुझी. बरं, पहिली होडीसुद्धा माझी! फक्त राजांच्या कानावर घाल हं, फिनले काय म्हणाला ते.”

तिसरे गिलब्राइड. उत्तरेच्या ग्लेन कोरा नावाच्या दरीचे. डोंगराएवढा माणूस, दाढीत लोणी, हसले की टेबलावरचे पेले सरकत. मांडीवर खुद्द राजकन्या मुरियल बसली होती, आणि तिच्या मांडीवर त्यांनीच आणलेलं कुत्र्याचं पिल्लू.

“मॅरियोट आत्या, बघ, काकांनी दिलंय! याचं नाव मठाधिपती. सारखं झोपतं.”

“शोभतं गं नाव. सरदार, तुमच्याकडची काळी माती—”

“अगं बाई, मला म्हाताऱ्याला काय मागतेस!” गिलब्राइडनी हातातलं हाडूक मागे रोखलं. मागच्या बाकावर त्यांचा थोरला, यूअन, बसला होता. तिशीचा, आंबट तोंडाचा. “त्याला विचार! काय रे, देशील की नाही बाईला?”

“बघू,” यूअन म्हणाला.

“ऐकलंस? बघू म्हणतोय! माझ्या बापावर गेलाय, मेला!”

तेवढ्यात त्यांच्या वाढप्याने रानडुकराचा भाजलेला खांदा, म्हणजे सरदाराचा वाटा, आणला आणि, सवयीने म्हणा, चुकीने म्हणा, थोरल्यापुढे ठेवला.  मग गिलब्राइड गडगडाटी हसले.

“खा बाळा, खा! वाढतं वय आहे तुझं!”

अख्खं दालन हसलं. मुरियल इतकी हसली की मठाधिपती जागा होऊन खाली पडला. मला विचारलं असतं तर मुलगी मी गिलब्राइडनाच दिली असती. राजांचंही मन तिकडेच झुकत आलं होतं.

४

शपथेची आमची रीत जुनी आहे. सरदाराने आपल्या जमिनीची माती बुटांत भरून आणायची, तिच्यावर पाय रोवून टेकडीवर उभं राहायचं आणि शब्द द्यायचा. म्हणजे तो दुसऱ्याच्या दारातून नव्हे, स्वतःच्या भूमीवरून बोलला असं ठरतं. मग पश्चिमेच्या उतारावर बूट उपडे करायचे. कालचे तीन ढीग अजून तसेच होते. एक काळा, एक पांढरा, एक लाल.

“तिन्ही रंग तर बरोबर आहेत,” मी म्हणालो.

“रंग काय, मी मडक्यालाही लावते.” मॅरियोट गुडघ्यांवर बसली.

काळ्या मातीचा एक गोळा तिने मठाच्या मुदपाकखान्यात नेला. तिथला आचारी मूळचा ग्लेन कोराचा, वीस वर्षांत परत न गेलेला. ग्लेन कोरात सरपणाऐवजी हीच काळी माती वाळवून जाळतात. तिने काही न सांगता गोळा त्याच्या चुलीत टाकला. धूर निघाला आणि तो दणकट माणूस हातातला डाव टाकून ढसाढसा रडायला लागला.

“आईची चूल,” एवढंच तो बोलला. मटणाचा रस्सा त्या दिवशी खारट झाला.

“ही खरी,” मॅरियोट म्हणाली.

पांढऱ्या वाळूवर तिने आंबलेल्या दारूचा शिरका ओतला. ती तडतडून फसफसली. नदीची वाळू फसफसत नाही, शिंपल्यांची फसफसते. शिवाय आत छोटे गुलाबी शिंपले होते, ते बेटावरचेच.

“हीसुद्धा खरी.”

मग तिने लाल ढिगात हात घातला. बोटं फिरली, थांबली. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि तिचा चेहरा बदलला. दोन्ही हातांनी ती ढीग उकरायला लागली, माती माझ्या अंगावर उडायला लागली.

“हे काय, भाटबुवा?”

“खापरी.”

“हिच्यावर हिरवा ओघळ दिसतो? मागच्या भट्टीत तडकलेली घागर मी खड्ड्यात फोडून टाकली, तिची आहे ही. ही माती वॉल्टरच्या शेतातली नाही.” ती खापरी मुठीत घेऊन उठली. “ही इथून हाकेवरच्या माझ्या खड्ड्यातली आहे!”

५

वॉल्टरना त्यांच्याच जागेवरून उठवलं. ते ओरडले नाहीत.

“मी माझी माती आणली. माझ्या देखत भरली,” ते म्हणाले. “दुसरं काही सांगायचं नाही मला.”

त्यांना कोठीघरात कोंडलं. ती बातमी नदीकाठी पोचली आणि त्यांच्या तीनशे माणसांनी भाले उचलले. राजांनी आपली दोनशे माणसं पुलावर उभी केली. एक दगड कुणी भिरकावला असता तर पुढचं वर्षभर आम्ही प्रेतंच मोजत बसलो असतो.

अशात एक म्हातारा रांगतच राजांच्या पायांशी आला. ऑस्बर्ट. वॉल्टरच्या कपड्यालत्त्याचं पाहणारा नोकर.

“महाराज, मारा मला. मी केलं.”

“काय केलंस?”

“बूट पुसले.”

राजांनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

“चाळीस वर्षं मी त्यांचे बूट पुसतोय, महाराज. सीमेपलीकडच्या घरी. इथं पहिल्यांदाच आलो. परवा संध्याकाळी सामान उघडलं तर बुटांत माती! आमच्या सरदारांच्या बुटांत! मी झटकले, पुसले, चरबी लावून ठेवले. काल सकाळी फिनलेसाहेबांचा माणूस म्हणाला, तुमच्या धन्यांनी कुठली माती आणली? तेव्हा कळलं. धावत सुटलो. पहिला लाल खड्डा दिसला, त्यात—”

“त्यात पडलास,” मॅरियोट म्हणाली.

“दोनदा, बाई.”

“नोकर धन्यासाठी खोटं बोलतो,” राजे म्हणाले.

“बोलतो. पण कॉर्मी, विचार कर. पत्र लिहिणाऱ्याने सगळं आधीपासून ठरवलं होतं. त्याला परकी माती हवी तर वाटभर पसरली आहे. तो राजाच्या दूधबहिणीच्या खड्ड्यात, तिच्याच खापऱ्यांसकट कशाला भरील? धन्याला बोलवा. बघू त्याला ठाऊक होतं का.”

वॉल्टरना आणलं, आणि ऑस्बर्टने सगळं पुन्हा सांगितलं. वॉल्टर ऐकत गेले तसतसे पांढरे पडत गेले. 

“म्हणजे मी परक्या मातीवर...” त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. “म्हणजे माझी शपथ झालीच नाही?”

“झालं?” मॅरियोट राजांच्या कानात म्हणाली. “शपथ बुडवणारा असा पांढरा पडत नाही. शपथ बुडाल्याचं आत्ता कळलेला पडतो.”

राजांनी वॉल्टरना सोडलं. पुलावरचे भाले खाली आले. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यात अडकला.

काळी माती खरी. पांढरी माती खरी. लाल मातीचा धनी निर्दोष. तरीही तिघांतल्या एकाने लिहून दिलं होतं की पायाखालची माती त्याची नव्हती.

बाहेर दुपारची घंटा झाली. आता उरली संध्याकाळची.

६

मॅरियोट तरातरा आपल्या खड्ड्याकडे निघाली. विचार करायला असेल म्हणून मी मागे गेलो. तर ती काठावर उभी राहून ऑस्बर्टला शिव्या घालत होती.

“बघा, बघा कसं ओरबाडलंय! चांगला थर होता, घागरींसाठी राखलेला. माझी माती, मला न विचारता!”

“तुझी कसली,” मी चिडून म्हणालो. राज्य बुडत होतं आणि हिला घागरी सुचत होत्या. “खड्डा मठाचा.”

“मठाचा होता! दोन वर्षं झाली मठाधिपतींनी मला दिला त्याला. या इथं उभे राहिले, एक ढेकूळ उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं, दोन साक्षीदार, झालं. तुम्हीच तर होता एक साक्षीदार! बिअर पिऊन विसरलात?”

विसरलो होतो. आमच्याकडे जमीन देण्याची रीत तीच. कागद लागत नाही. मातीचं ढेकूळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं की जमीन गेली.

मॅरियोटने एकाएकी मातीचं एक ढेकूळ उचललं.

“भाटबुवा, त्याच्या आदल्या दिवशी ही माती कुणाची होती?”

“मठाची.”

“दुसऱ्या दिवशी?”

“तुझी.”

“रंग बदलला? चव बदलली? शिरका टाकला असता तर काही वेगळं झालं असतं?”

“नाही,” मी म्हणालो.

“आपण दिवसभर मातीला विचारत बसलो, बाई, तू कुठून आलीस,” ती ओरडली आणि घागरा वर खोचून टेकडीकडे पळत सुटली. “तुझा धनी कोण, हे विचारलंच नाही!”

पन्नाशीची बाई, रांजणाचा बांधा. तरी मला ती टेकडीपर्यंत सापडली नाही.

७

संध्याकाळच्या घंटेला थोडाच वेळ होता. टेकडीवर सगळे जमले होते. मठाधिपतींच्या हातात संताची जुनी घंटा होती. तिच्यासमोर खोटं बोलणाऱ्याची जीभ झडते अशी आमची समजूत आहे, म्हणून ती दरबारात सहसा आणत नाहीत. मॅरियोट राजांच्या कानाशी काहीतरी बोलली. राजांनी तिच्याकडे पाहिलं, मग लंगडत पुढे आले.

“माझी लेक ज्याच्या घरी जाईल त्याने तिला एक शेत द्यावं,” ते म्हणाले. “लहानसं चालेल. पण आत्ता, इथं, माती हातात ठेवून. तिघांनीही द्यावं. मग मी नाव सांगतो.”

फिनले तर वाटच पाहत होते. पांढरी वाळू ओंजळभर उचलून त्यांनी समुद्राकाठचं एक गवताळ कुरण मुरियलच्या हातावर ठेवलं, आणि त्याबरोबर एक भाषणही, जे कुरणाहून लांब होतं.

वॉल्टर अनवाणी आले. बूट हातात.

“त्या ढिगातली माती या बाईची आहे,” ते म्हणाले. “ती मी कशी देऊ?” त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि खाली बसून बुटाच्या आतल्या शिवणी खरवडायला लागले. ऑस्बर्टच्या फडक्याला चुकलेली लाल माती तिथे उरली होती. नखभर निघाली. ती त्यांनी दगडावर ठेवली, तिच्यावर पायाचा अंगठा टेकला आणि कालची शपथ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा घेतली. मग तीच चिमूट उचलून मुरियलच्या तळहातावर ठेवली.

“चार पावलं रुंद, सहा पावलं लांब,” ते म्हणाले. “कुंपणाच्या आतलं. माझ्या पावलांनी नाही, तुझ्या.”

लोक फिदीफिदी हसले. वॉल्टर हसले नाहीत.

“अरे, ही काय देणी झाली!” गिलब्राइड पुढे आले. “मी पोरीला चाळीस गाई देतो!”

“शेत, सरदार,” राजे म्हणाले.

“गाई, शिवाय दोन घोडे! माझं चांदीने मढवलेलं शिंग!”

“मूठभर माती. तुमचा ढीग तुमच्या पायांशी आहे.”

गिलब्राइडच्या कपाळावर घाम आला. वारा गार होता. त्यांनी वाकून मूठ भरली. घंटेकडे पाहिलं, मुरियलकडे पाहिलं. ती हात पसरून उभी होती, वॉल्टरची चिमूट सांडू नये म्हणून दुसरी मूठ घट्ट मिटून.

“ही... ही ग्लेन कोराची...” त्यांची नजर पुन्हा घंटेकडे गेली. 

“काका, द्या ना!” मुरियल म्हणाली.

“ओढ्याकाठचं... शेत... मी...”

“बाबा!” मागून यूअन किंचाळला. “ओढ्याकाठचं? ते माझं आहे! तुम्ही कसं देता?”



“गप्प बस, गाढवा,” गिलब्राइड दातांतून म्हणाले.

“गप्प कसा बसू? पंधरा दिवसांपूर्वी ढेकूळ हातात दिलंत की माझ्या! अख्खी दरी दिलीत! शपथ झाली की परत घेतो म्हणालात, मी म्हणालो बघू. मी अजून बघतोच आहे!”

गिलब्राइडच्या मुठीतून काळी माती हळूहळू गळत गेली.

“सकाळी मी तिघांकडे गाडीभर माती मागितली,” मॅरियोट सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “वॉल्टर नाही म्हणाले. नाही म्हणायलाही वस्तू स्वतःची असावी लागते. फिनले हो म्हणाले. तुम्ही मात्र हो नाही, नाही नाही. थोरल्याला विचार! मला वाटलं चेष्टा. पण सरदाराचा वाटा तुमचा वाढपी थोरल्यापुढे ठेवतो. जे त्याला ठाऊक, ते राजाला ठाऊक नव्हतं. माती तुमच्या दरीचीच होती, सरदार. दरी तुमची नव्हती.”

गिलब्राइडनी मान वर केली आणि नदीकडे हात उंचावला. त्यांची तीनशे माणसं तिथून वर पाहत होती. ती माणसं काय करतील, यावर सगळं होतं. राजांचा हात तलवारीवर गेला.

तीनशे जणांनी गिलब्राइडकडे पाहिलं. मग त्यांच्या म्होरक्याने यूअनकडे पाहिलं. जमीन ज्याची, भाकर त्याची, आणि भाला भाकरीमागून जातो. शपथ चुकवायला म्हाताऱ्याने दरी सोडली होती. दरीबरोबर माणसंही गेली, हे त्याच्या हिशेबात राहून गेलं होतं.

“यूअन,” राजे शांतपणे म्हणाले, “ग्लेन कोरा तुझी?”

“माझी, महाराज.”

“मग शपथ तुझी राहिली की!”

यूअन आंबट असेल, मंद नव्हता. तो तिथेच खाली बसला, बूट काढले, बापाच्या ढिगातली माती ओंजळींनी आत भरली, पाय घातले आणि उभा राहून खणखणीत आवाजात शपथ घेतली. नदीकाठच्या तीनशे माणसांनी भाले जमिनीवर आपटले. मठाधिपती दचकले आणि त्यांच्या हातातली घंटा वाजली.

गिलब्राइडना दोघांनी धरून खाली नेलं. मुरियल बघत राहिली.

“काका खोटं बोलले का, बाबा?”

“नाही गं. एकही खोटा शब्द बोलले नाहीत.”

तिला ते कळलं नसावं. मला अजून नीटसं कळलेलं नाही. तिने नाक बाहीला पुसलं, पिल्लू काखेत मारलं. आणि मठाच्या मनोऱ्यावर संध्याकाळची घंटा सुरू झाली.

राजे मोठ्या कष्टाने अधू पाय दुमडून तिच्यासमोर बसले.

“मुरियल, मला नवव्या वर्षापर्यंत कुणी काही विचारलं नाही, आणि नंतर तर नाहीच नाही. मी विचारतो. कुणाकडे जाशील?”

फिनले चेहऱ्यावर सगळी माया आणून पुढे सरकले. मुरियलने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने सरळ वॉल्टरकडे बोट केलं.

सगळे चकित झाले. सर्वांत जास्त वॉल्टर.

“अगं, त्यांनी तर तुला नखभर दिलं!” मॅरियोट म्हणाली.

“म्हणूनच,” मुरियल म्हणाली. “ते कुणाला काहीच देत नाहीत. मला पण दुसऱ्या कुणाला नाही देणार.”

राजांनी वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टर अनवाणी उभे होते, हातात चकचकीत पुसलेले बूट. त्यांनी घसा खाकरला, एकदा, दोनदा.

“नाही,” ते म्हणाले. “नाही देणार.”